दुपारच्या झोपेतली जीप

१

ओढ्यात एक जीप होती. मागची दोन चाकं चिखलात अर्धी रुतलेली, पुढची दोन पलीकडच्या खडीवर चढलेली. इंजिन बंद होतं आणि किल्ली जागेवर होती. गिअरशेजारचा छोटा दांडा, चारही चाकांना जोर देणारा, पुढे ढकललेला होता. चालकाच्या जागेवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. पायांत दोन बूट, दोन्ही नाडीपर्यंत भिजलेले. गुडघ्याशी टेकवलेली एक काठी. सदऱ्याच्या खिशात कानाला लावायचं एक यंत्र. दोन्ही हात स्टिअरिंगवर, दोन्ही डोळे मिटलेले. बांबूतून झिरपणारे उन्हाचे कवडसे पाण्यावर, बॉनेटवर आणि त्यांच्या पांढऱ्या केसांवर हलत होते. तेवढे मात्र मोजता आले नाहीत.

प्रणिता काठावर धापा टाकत उभी राहिली. वर माळावर सगळे हाका मारत फिरत होते. जेवणानंतर डोळा लागला होता सगळ्यांचाच, आणि जाग आली तेव्हा आप्पाजी नव्हते, जीपही नव्हती. खडकावर चाकांच्या खुणा उमटत नाहीत. माळावरून वाटा दोन फुटत होत्या. "तू ओढ्याकडं बघ," असं आप्पाजींच्या मुलीनं, कल्पनाअक्कांनी सांगितलं म्हणून प्रणिता या वाटेनं उतरली होती.

ती पाण्यात शिरली आणि आप्पाजींच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले. आधी डावीकडच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अंबू कुठं उतरली?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या बायकोला, अंबूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती.

२

प्रणिता मूळची निपाणीची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती बंगळुरूला आली आणि रंग तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. देवनहळ्ळीला आप्पाजींच्या घराची वरची खोली तिनं भाड्यानं घेतली, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. आप्पाजी एकोणऐंशीचे. अख्खी नोकरी त्यांनी विजेच्या मोठ्या तारांखालून, रानावनातून फिरून काढली, आणि निवृत्त होताना ऑफिसची जुनी जीप लिलावात घेऊन घरी आले. घरात ते कानडी-मराठी एकत्र कालवून बोलायचे. प्रणिताला ते पुट्टी, म्हणजे छोटी, म्हणायचे, आणि तिला ते आवडायचं, कारण निपाणीला तिची आजीही तिला तशीच हाक मारायची.

अलीकडे मात्र आप्पाजी विसरायला लागले होते. दूध उतू जायचं, चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. एकदा बस स्टँडवर जाऊन आपण कशाला आलो हेच त्यांना आठवेना. त्यांची मुलगी कल्पना जे. पी. नगरला राहायची, शाळेत गणित शिकवायची. जावई नंदकिशोर पुण्याचे, सरकारी विमान कारखान्यात इंजिनिअर. दोघांचं म्हणणं एकच होतं की आप्पांनी आता आमच्याकडे राहायला यावं आणि जीप विकावी. बंगळुरूतल्याच शिवाजीनगरचा एक गॅरेजवाला सोमवारी जीप बघायला येणारही होता. आप्पाजी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. नातवानं, अर्णवनं, नवी गाडी घेतली होती आणि रानातल्या कच्च्या वाटांवर ती फिरवून आणायची त्याची फार इच्छा होती. तेव्हा आप्पाजी म्हणाले, मीही माझी घेऊन येतो. ही फेरी होऊ दे, मग काय ते ठरवू.

म्हणजे ती सहल नव्हतीच. परीक्षा होती, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

कनकपुऱ्याच्या पुढे कृष्णमूर्ती नावाच्या गृहस्थांचा मोठा खासगी मळा आहे. त्याच्या मागचं रान त्यांनी अशा गाड्यांसाठी मोकळं ठेवलंय. पहाटे धुकं इतकं होतं की पुढची गाडी दिसत नव्हती, फक्त तिचे दोन लाल दिवे हवेत तरंगताना दिसत होते. सर्वांत पुढे सुरज, जो अशा फेऱ्या नेतो. मध्ये आप्पाजींची जीप आणि तिच्यात प्रणिता. मागे अर्णवच्या गाडीत त्याचे आईवडील.

वाट जिथं रानात शिरते तिथं एक दगडी देऊळ आहे, खोलीएवढंसुद्धा नाही. पुजाऱ्याच्या बायकोनं घरी केलेलं कुंकू सगळ्यांना दिलं. सुरजनं ते स्वतःच्या आणि अर्णवच्या गाडीच्या बॉनेटला लावलं. जीपकडे वळला तर आप्पाजींनी त्याला हातानंच परत पाठवलं. देवाचं आणि त्यांचं फारसं जमत नसे.

मग ते खाली उतरले. पुढच्या चाकाच्या मध्यभागी एक वाटीएवढी चकती असते. ती फडक्यानं पुसायची, चिमटीत धरून फिरवायची. मग दुसऱ्या चाकाकडे जाऊन तसंच करायचं. त्यांनी प्रणिताला वाकून दाखवलं: आता पुढची चाकं इंजिनाला जोडली गेली. नुसता आतला दांडा टाकून काही होत नाही. जुन्या जीपला खाली उतरून हात लावावा लागतो. याला हब म्हणतात.

"अज्जा, आता बटण असतं," अर्णव मागून ओरडला. "गुडघे वाचतात."

"गुडघे माझे, दुखणं माझं. तू तुझं बटण सांभाळ," आप्पाजी म्हणाले.

मागच्या गाडीच्या खिडकीतून कल्पनाअक्कांनी हात बाहेर काढला आणि सुरजला खूण केली. "आप्पांचा नमस्कार झाला की निघू," त्या म्हणाल्या. सगळे हसले. प्रणिताही हसली.

नंतरचा सगळा वेळ ती स्वप्नात असल्यासारखी बसून होती. जीप बांबूच्या बोगद्यातून, वाळक्या पानांवरून, एखादी होडी जावी तशी डुलत चालली होती. लाल माती सगळ्यांवर बसत गेली. बॉनेटवर, भुवयांवर, डब्याच्या झाकणांवर. आप्पाजींच्या हातांना रस्ता पाठ असल्यासारखा वाटत होता, आणि ते तर इथं पहिल्यांदाच येत होते.

जेवायला उंचावरच्या खडकाळ माळावर थांबले. आप्पाजींनी प्रणिताला फडकं दिलं आणि हब सोडवायला सांगितलं. कडक जमिनीवर ते मोकळे करून ठेवायची त्यांची रीत होती. "जेवताना आपण पट्टा सैल करतो ना? जीपचाही कर." तिनं दोन्ही चकत्या पुसून लख्ख केल्या आणि फिरवून मोकळ्या केल्या. किल्ल्या सगळ्यांनी गाड्यांतच ठेवल्या होत्या. रानात तसाच रिवाज असतो, वेळ आली तर कुणालाही गाडी हलवता यावी म्हणून. मग चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला भात, लोणचं, दही, आणि डोळ्यांवर उतरत येणारी दुपार. आप्पाजींनी कानाचं यंत्र काढून खिशात टाकलं आणि जीपमधली कांबळी घेऊन ते सावलीत आडवे झाले. त्या कांबळीची घडी घालून एरवी ते तिच्यावर बसत, तेव्हा कुठे त्यांना बॉनेटच्या पलीकडचं दिसे.

प्रणिता खडकावर पडली. झोपेत तिला एक मोठा भुंगा गुणगुणत दूर जाताना ऐकू आला.

३

ओढ्याकाठी सगळे जमले तेव्हा कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं प्रणिताला नंतर वाटलं.

आप्पाजी सांगत होते आणि सांगता सांगता स्वतःच घाबरत होते. अंबू शेजारी बसली होती. ऊन असंच होतं. मी गाडी चालवत होतो, आवाज अजिबात नव्हता, गाडी कशी पाण्यासारखी चालली होती. मग पुट्टीनं हात लावला. बाकी काही आठवत नाही. माळावरून निघालो कधी, कुणाला सांगितलं का, काही नाही.

नंदकिशोरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते वाईट माणूस नव्हते. वाईट वाटलं की ते फक्त अधिक व्यवस्थित बोलू लागत. त्यांनी शांतपणे सांगितलं की उतार आहे, कडा आहे, पुढच्या वेळी ओढा नसेल, कडा असेल. शेजारी कुणी बसलं असेल. कुठलं तरी लहान मूलही असेल. सोमवारी गॅरेजवाला येतोय, त्याला आपण हो म्हणू. देवनहळ्ळीच्या घराचंही बघू.

कल्पनाअक्का काठावर बसल्या आणि ओंजळीत तोंड झाकून घेतलं.

आप्पाजींनी किल्ली काढली. क्षणभर तळहातावर ठेवून ती पाहिली आणि जावयाच्या हातात दिली.

"घ्या," ते म्हणाले. "माझंच मला काही सांगता येत नाही म्हटल्यावर काय बोलणार."

सुरज आणि अर्णव आपल्या गाड्या त्या वाटेनं खाली घेऊन आले. सुरजनं विंचची तार जीपला अडकवली. वाटेवरचा चिखल त्यांच्या चाकांखाली कालवला गेला. तार ताणली गेली, जीप हळूहळू वर आली, आणि मागच्या चाकांच्या जागी दोन खोल खड्डे राहिले.

पुढच्या चाकांच्या जागी एकही खड्डा नव्हता.

४

प्रणिताला हे नीट दिसलं, कारण तिचं कामच ते होतं. प्रयोगशाळेत दिवसभर तिला हेच विचारलं जाई की अमुक गोष्ट इथं नाही, ती का नाही.

पुढची चाकं खडीवर चढली होती, पण त्यांनी खडी उकरली नव्हती. ती नुसती ढकलली गेली होती. मागची दोन चाकं मात्र जिवाच्या आकांतानं फिरून खोल गेली होती. तिनं वाकून हब पाहिले. दोन्ही मोकळे, तिनं जेवताना ठेवले होते तसेच. आणि आतला दांडा मात्र पुढे. म्हणजे चालवणाऱ्याला वाटत होतं की चारही चाकं ओढतायत, आणि ओढत होती दोनच.

आप्पाजी अशी चूक करतील? तिनं अर्णवला बाजूला घेऊन विचारलं. तो सरळ म्हणाला, अज्जा चष्मा फ्रिजमध्ये ठेवतो, हब विसरला तर त्यात काय. बरं, ती म्हणाली, कांबळी अजून माळावर झाडाखालीच आहे, मग समोरचं त्यांना दिसलं कसं? विसरले. यंत्र कानात नाही. गिअरचा आवाज ऐकल्याशिवाय ते गाडी हलवत नाहीत. विसरले. गाडीतून उतरले नसतील तर बूट कसे भिजले? उतरले असतील, परत बसले असतील, विसरले.

विसरणं हे एक असं उत्तर होतं जे कुठल्याही प्रश्नाला बसत होतं, आणि म्हणूनच ते उत्तर नव्हतं. एखादा रंग पाण्यात टाका, आम्लात टाका, उन्हात ठेवा, आणि प्रत्येक वेळी तो चांगलाच आहे असा अहवाल आला, तर बिघाड अहवालात असतो. तिला हवी होती अशी एक खूण, जी विसरण्यातून येऊच शकत नाही.

ती ओढ्यापासून थोडी वर जाऊन बसली. वाटेवर आता मोठ्या गाड्यांच्या चाकांचा चिखल झाला होता. मघाशी ती धावत उतरली तेव्हा इथं फुलपाखरं होती. ओल्या मातीवर पिवळी-पांढरी फुलपाखरं दाटीनं बसून पाणी पीत होती आणि त्यांच्याखाली जीपच्या चाकांची नक्षी उमटली होती. जीप इकडे गेलीय हे सगळ्यांना कळावं म्हणून तिनं फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. रेंज नव्हती. तो गेलाच नव्हता.

तिनं फोन काढला. फोटोवर दोन बोटं ठेवून तो मोठा केला.

चाकाची नक्षी स्पष्ट होती. तिच्यावरून ओढ्याच्या दिशेनं बुटांचे ठसे गेले होते, परत वर येणारा एकही नव्हता. उजव्या ठशाशेजारी दर वेळी एक गोल, खोल भोक होतं. नक्षीच्या कडा त्या भोकात आत ढासळल्या होत्या.

काठी चाकाच्या खुणेवर टेकली होती. जीप आधी गेली होती. आप्पाजी मागाहून, चालत.

५

आपण चालवत असलेल्या जीपच्या मागून आपण चालत जाऊ शकत नाही, विसरभोळे असलो तरी. आप्पाजींना ताबडतोब जाऊन सांगावंसं वाटत होतं. पण ते सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न येणार होता, आणि त्याचं उत्तर तिच्याजवळ नव्हतं. मग कोण?

मळ्यात बाहेरचं कुणी नव्हतं. फाटकाची किल्ली सुरजच्या खिशात होती. राहिले चौघं, आणि त्यांतल्या एकानं आप्पाजींना स्वतःवरचा विश्वास हरवू दिला होता, तोही समोर उभं राहून.

तिनं चौघांना एकच प्रश्न विचारायचं ठरवलं, सहज बोलता बोलता: ही जीप समजा तुम्हाला रानात चालवायची असेल, तर पहिली गोष्ट काय कराल?

नंदकिशोरकाका चहाच्या थर्मासशी होते. दुपारी ते टोपी तोंडावर घेऊन खुर्चीत झोपले होते. जीप सुरू झाल्याचं त्यांनी ऐकलं होतं, पण सुरज ती सावलीत लावतोय असं वाटलं. प्रश्नाला त्यांनी कपाळाला आठ्या घालून उत्तर दिलं. हब. गेल्या दसऱ्याला त्यांत मीच ग्रीस भरलंय, सबंध सुट्टी गेली त्यात.

अर्णव त्या वेळी कानात गाणी घालून आपल्या गाडीखाली पडला होता, खालून कुठं खरचटलंय ते बघत. तो म्हणाला, उतरणार, चकत्या फिरवणार आणि ज्यानं बटण शोधलं त्याच्या पाया पडणार.

सुरज रेंज शोधत टेकडीवर गेला होता. त्याला प्रश्न अपमानास्पदच वाटला. दांडा टाकून हब विसरणाऱ्याला मी माझ्या मागं गाडी लावू देत नाही, तो म्हणाला. मग आप्पाजींची आठवण होऊन त्यानं जीभ चावली.

कल्पनाअक्का त्या दुपारी मळ्याच्या टाकीवर भांडी धूत होत्या. आता त्या जीपपाशी एकट्याच उभ्या होत्या. प्रणिता त्यांच्याकडे निघाली, पण जवळ जाण्याआधीच त्या वळून टाकीच्या दिशेनं गेल्या. प्रणिता जीपजवळ थांबली. अक्का जिथं बघत होत्या तिथं तिनंही पाहिलं.

पुढच्या चाकाच्या चकतीवर लाल डाग होता.

६

लाल मातीच्या मुलखात लाल रंगाकडे कोण बघतं. मघाशी तिनं स्वतः वाकून पाहिलं होतं आणि तिला फक्त चकती मोकळी की जोडलेली हे दाखवणाऱ्या बाणाची दिशा दिसली होती. पण ही चकती तिनं जेवताना पुसली होती. बाकी चाकावर धूळ पातळ आणि सारखी बसली होती, हा डाग मात्र मध्येच, बोटभर रुंद. पलीकडच्या चाकावरही अगदी तसाच.

तिनं कागदी रुमालानं थोडा डाग टिपला आणि बोटांत चोळला. माती खरखरते. हे रेशमासारखं लागलं.

जेवणाच्या टोपलीत लिंबाची एक फोड उरली होती. तिनं दुसऱ्या रुमालावर चाकाची माती घेतली, दोन्ही रुमाल खडकावर शेजारी शेजारी पसरले आणि प्रत्येकावर लिंबू पिळलं. मातीचा डाग लालच राहिला. चकतीवरचा डाग कडेपासून पालटायला लागला. आधी नारिंगी, मग हळूहळू, जणू कुणी आत दिवा लावत होतं, तसा लख्ख पिवळा.

हळद. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, आम्ल पडलं की परत आपल्या रंगावर येते. घरी केलेलं कुंकू.

सुरजला तिनं एवढंच विचारलं की जीपच्या चाकांना कुंकू तू लावलंस का. तो म्हणाला, आप्पाजींनी हाकललं नाही का मला? कुंकवाची पुडी त्याच्या गाडीत उघडीच होती, कुणीही घेऊ शकलं असतं.

म्हणजे जेवणानंतर कुणीतरी जीपपाशी गेलं. पुढच्या एका चाकाशी वाकलं, चकतीवर बोट टेकवलं. दुसऱ्या चाकाशी गेलं, तिथंही टेकवलं. आणि फिरवलं नाही. हात अगदी नेमक्या जागी पोचला आणि नेमकं काम न करताच परत आला. विसरणाऱ्याचा हात असा नसतो. ज्याला माहीत आहे त्याचाही नसतो. ज्यानं हे करताना कुणाला तरी दुरून, वर्षानुवर्षं पाहिलंय, आणि काय चाललंय हे कधी कळलेलं नाही, त्याचाच हात असा असतो.

सकाळी सगळे हसले होते. एकच व्यक्ती हसली नव्हती, हे प्रणिताला आता आठवलं. 'आप्पांचा नमस्कार' हे तिनं विनोद म्हणून म्हटलंच नव्हतं.

७

टाकीच्या पाण्यात आभाळ पडलं होतं. कल्पनाअक्का कठड्यावर बसून धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होत्या. प्रणिता शेजारी बसली. 

"अक्का, ही जीप तुम्हाला चालवायची असेल तर आधी काय कराल?"

"खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांना नमस्कार," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचे हात थांबले.

प्रणितानं फोनवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला, आणि दोन्ही रुमाल, एक लाल, एक पिवळा. काही समजावून सांगावं लागलं नाही. गणित शिकवणाऱ्या होत्या त्या.

मग अक्का बोलू लागल्या, हळू, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतायत. लहानपणी सुट्टीत आप्पा सगळ्यांना तारांखालच्या वाटांनी घेऊन जायचे. थोरला भाऊ बारा वर्षांचा होता तेव्हापासून आप्पांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचा. कल्पनाला म्हणायचे, कल्पी, तू फाटक उघड. तिनं फाटकं उघडली. किती उघडली याची गणती नाही. मागच्या सीटवर आईजवळ बसून ती बघायची: रान लागलं की आप्पा उतरतात, चाकांशी वाकतात, हात लावतात. काय करतात म्हणून विचारलं तर आई म्हणायची, रानात जायचंय ना, नमस्कार करतात. आप्पा दुसरा कुठला देव मानत नाहीत, तेव्हा हा तरी मानतात, याचं तिला फार बरं वाटायचं. आईलाही वाटत असावं.

"सोमवारी जीप जाणार होती," त्या म्हणाल्या. "मीच पाठवत होते, मला कळत होतं. सगळे झोपले होते. वाटलं, एकदा. त्या झाडापर्यंत आणि परत. सुरजच्या गाडीतून चिमूटभर कुंकू घेतलं. आप्पांसारखं सगळं केलं गं मी. दांडासुद्धा टाकला. तरी रुतली."

त्या टाकीकडच्या वाटेनं वर आल्या, सुरजला गाठून जीप काढून घ्यावी म्हणून. आल्या तर माळावर गोंधळ, आप्पा नाहीत. तेव्हाच त्यांनी प्रणिताला ओढ्याकडे पाठवलं. स्वतः जायचं धैर्य होईना. पाण्याजवळ काय दिसेल, कुणाला ठाऊक.

"आणि ते दिसले, तर म्हणाले मी चालवत आलो. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईचं नाव काढलं त्यांनी. ते इतके खात्रीनं सांगत होते, की एक क्षण मलाच वाटलं, माझंच स्वप्न असेल. मग यांनी बोलायला सुरुवात केली, घराचं, सोमवारचं. जे मी वर्षभर मागत होते ते सगळं एका मिनिटात मिळत होतं. फक्त गप्प बसायचं होतं."

"त्यांना वाटतंय त्यांचं डोकं गेलं," प्रणिता म्हणाली.

"ठाऊक आहे."

अक्का उठल्या. पण आप्पांकडे न जाता आधी जीपकडे गेल्या. प्रणितानं त्यांना चकती धरून दाखवली. त्यांनी ती फिरवली. आत कुठंतरी लोखंडाला लोखंड भिडल्याचा बारीक, गोल आवाज आला. त्या बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"मग नमस्कार कधीच नव्हता?" त्यांनी विचारलं.

प्रणिताला खोटं बोलता आलं नाही.

८

आप्पाजी कांबळीवर बसले होते. कानात यंत्र होतं, नजर समोर, पण बघत कशाकडेच नव्हते. कल्पनाअक्का त्यांच्यापुढे जमिनीवर बसल्या आणि सगळं सांगितलं. फाटकांपासून सांगितलं. नंदकिशोर आणि अर्णव दूर उभे राहून ऐकत होते, सुरज मुद्दाम तार गुंडाळत बसला होता.

मध्ये आप्पाजींनी त्यांना थांबवलं. "स्वल्प थांब. म्हणजे मी नाही?"

"नाही आप्पा. तुम्ही उठलात, जीप दिसली नाही, तिला शोधत चालत गेलात. तिथं बसलात आणि परत झोपलात. चालवलं ते सगळं स्वप्नात."

"मी नाही," ते पुन्हा म्हणाले. काठी उचलून त्यांनी तिचं टोक पाहिलं. ओढ्याचा चिखल त्यावर वाळून पांढुरका झाला होता. मग प्रणितानं फोटो दाखवला. त्यांनी तो स्वतः दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. त्यांच्या मानेतला ताठपणा कुणीतरी दोरी सोडावी तसा सुटत गेला.

ते रागावतील असं सगळ्यांना वाटत होतं. थोडे रागावलेही. पण मुलीच्या गप्प बसण्यावर नाही. "दांडा टाकलास, आणि हब नाही?" ते म्हणाले. "तीस वर्षं मागं बसून काय बघत होतीस, कल्पी?"

"तुम्ही दाखवलंत कुठं?"

आप्पाजींनी काठी कांबळीवर आडवी ठेवली. त्यांच्या विसरण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या पुढच्या महिन्यात व्हायच्या होत्या, त्या होणारच होत्या. चष्मा फ्रिजमध्ये सापडणारच होता. ते कुणी बोललं नाही. नंदकिशोरांनी खिशातून किल्ली काढली आणि अवघडून पुढे केली. सोमवारचं मी बघतो, त्याला नको कळवतो, असं काहीसं पुटपुटले. आप्पाजींनी ती घेतली नाही. हनुवटीनं मुलीकडे खूण केली.

मळ्यातून बाहेर पडायची वाट एका सुट्या दगडांच्या चढावरून जाते. सुरज आधी वर गेला, मग अर्णव, बटणावर, फारशी खळखळ न करता. ऊन आता तिरपं झालं होतं आणि धूळ त्यात सोन्यासारखी उभी होती. कल्पनाअक्कांनी खाली उतरून एक चकती फिरवली, मग दुसरी. कांबळीची घडी आप्पाजींनी स्वतः त्यांच्यासाठी सीटवर घातली आणि ते डावीकडे जाऊन बसले. त्या बाजूनं आपण कधी बसलोच नाही हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पट्टा कुठं अडकवायचा तेच त्यांना सापडेना.

जीप चढाशी आली, थांबली, गुरगुरली. मग चारही चाकं दगडांना चिकटली आणि ती सावकाश, मान न वळवता, वर निघाली. आप्पाजींचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर होते. एकदाच उजवा हात हवेत उचलला गेला आणि तसाच परत खाली आला. माथ्यावर पोचल्यावर हॉर्न वाजला, दोन वेळा.

प्रणिता खालीच राहिली होती. आवाज शांत झाल्यावर तिनं चढाच्या मधोमध, चाकांच्या दोन खुणांमध्ये, एक सपाट दगड बघून त्यावर फोन ठेवला आणि चढाचा कोन मोजला. तीन ठिकाणी मोजला आणि सरासरी काढली; अक्कांनी केवढा चढ चढवला असं कुणी विचारलं, तर सांगायला आकडा हवा होता.

तेवीस अंश.